माये केस म्हणजे कापूस नाही!

गड्याहो, आज अमरावतीत डोस्कंच फिरलं मायं!

आठ महिने डोकं भादरलं नाही, घरच्यायचे टोमणे खाल्ले, तवा कुठं कुरळे केस वाढले. न्हाव्याले म्हटलं, कानाखालपर्यंत ठेव.

अमेरिकेत लढाई लागून तिथला कापूस विलायतेले जाणं थांबलं, तवापासून इथं जो तो कापसाचा पारखी झाला. या न्हाव्यानं बी बोंडातला धागा पारखावा तशी एकेक बट ताणून सरळ केली, कानाखाली मापली अन् कापली. सोडली तं आखडून थेट कानाच्या वर!

वरतून मलेच म्हणते, "तुये केसच वाकडे हायेत, मी काय करू?"

अरे, आपला आखूड धाग्याचा कापूस आता विलायतेले चालते. मंग माये केस जसे उगवले तसे आपल्याच गावाले काहून चालत नाही?