या खेपेस होडी नको

मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात चपलेत अडकलेले होते. उजव्या चपलेच्या तळाला सोल्यूशन लावून मी तो दाबून धरला होता, आणि एकदा दाबला की मनात शंभर म्हणून होईपर्यंत सोडायचा नाही, हा मास्तरांचाच नियम. माझ्या नातीनं, सईनं, फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून मास्तरांची सून म्हणाली, "आजी, आमचे आबा गेले ओ सकाळी..." मी बासष्टवर होते. काय करावं ते सुचेना, म्हणून त्रेसष्ट म्हटलं, चौसष्ट म्हटलं. सई रडवेली होऊन म्हणाली, "आजी, सोड ना आता ती चप्पल." पण कशी सोडणार? ती मास्तरांचीच होती. चाळीस वर्षं मी त्या माणसाला एक जोड शिवून द्यायची म्हणत होते, आणि ते कबूल झाले होते जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी.

त्याला आता महिना उलटला. आमचे धोंडूमास्तर म्हणजे मांडवीच्या रस्त्याला, एका जुन्या गोदामात, तरण्या पोरापोरींना चामड्याचं काम शिकवणारा माणूस. त्यांच्या घरात तीन पिढ्या चपला शिवायच्या. पण ज्यांच्या घरात हे काम होतं त्यांना ते सोडायचं होतं, आणि ज्यांच्या घरात नव्हतं ते त्याला हात लावायला तयार नव्हते. मधल्या फटीतून जी कोणी सापडत, ती मास्तरांची मुलं. त्यांत एक चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई कशी शिरली, ते सांगायला हवं, कारण ती बाई मीच. भरतकाम झालं होतं, क्रोशा झाला होता, मेणकागदाची फुलं करून घरातल्या सगळ्या फुलदाण्या भरल्या होत्या. तेवढ्यात मुंबईची जाऊ चामड्याची पर्स मिरवत आली. झालं! आपणही शिकायची. पहिल्या दिवशी मी कशी गेले म्हणता? नाकाला अत्तराचा रुमाल, आणि काखेत बसायला घरचं बस्कर! बाकीची मुलं जमिनीवर, आणि बाईसाहेब मखमली बस्करावर. मास्तरांनी बस्कराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरं केलंत हो वहिनी. आमची जमीन जरा गार असते." मला वाटलं, काय समंजस माणूस! टोमणा होता हे कळायला मला पावसाळा उजाडला. बस्कर मात्र पंधरा दिवसांतच पॉलिशच्या फडक्यांत दिसायला लागलं. कोणी नेलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मास्तरांच्या वर्गात पहिला आठवडा रापी नाही, आरी नाही. चामडं कापायचं हत्यार आणि भोक पाडायचं हत्यार, दोन्ही भिंतीवर टांगलेली, नुसती बघायची. पहिला धडा एकच. शेजारी जो बसला असेल त्याचा पाय खाकी कागदावर ठेवायचा, डाव्या हातानं घोटा धरायचा, पेन्सिल पायाला चिकटवून उभी धरायची आणि सगळीकडून रेघ ओढायची. यावर वर्गात काय हलकल्लोळ व्हायचा! कोणाला गुदगुल्या, कोणाच्या नखांत माती, पोरींचे पाय धरायचे म्हटल्यावर पोरांचे कान लाल. माझ्या शेजारी बौद्धवाडीतली कमल होती, सतरा वर्षांची. तिनं माझा पाय धरला आणि दोन मिनिटांत रेघ ओढून मोकळी झाली. मग माझी पाळी. मी पदर खोचला, वाकले, आणि पेन्सिल शेवटच्या टोकाला दोन बोटांत धरून, तिच्या पायापासून चांगली बोटभर लांबून, देवाला प्रदक्षिणा घालावी तशी रेघ फिरवली. घोटाबिटा काही धरला नाही. मास्तरांनी त्याच मापानं मला चप्पल कापू दिली, शिवू दिली. तीन आठवडे मी त्या चपलेवर मान मोडली. मग ती त्यांनी सगळ्या वर्गासमोर हातात उचलून धरली. कमलचे दोन्ही पाय एकीत मावले असते.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "ही दाभोळला पाठवूया. खाडीत चालेल. चार माणसं सहज बसतील."

वर्ग हसून लोळला. कमल तर सगळ्यांत जास्त. मीही हसले, पण माझं हसणं कानापर्यंत गेलं आणि तिथं गरम झालं. हसणं ओसरल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "माप पेन्सिल नाही घेत. हात घेतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी न सांगता कमलचा घोटा धरला. "वहिनी, हात थंडगार आहेत ओ तुमचे!" ती किंचाळली. तिच्या मापाची जी चप्पल झाली, ती घालून ती पुढे नर्सिंगच्या परीक्षेला गेली.

घरी सासूबाईंच्या पायाचं माप घ्यायचं, तर निराळाच घोटाळा. मी वाकले की त्यांचा हात आपोआप माझ्या डोक्यावर. "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!" "अहो, माप घेत्येय." "घे गो, घे." डावा पाय, एक आशीर्वाद. उजवा पाय, दुसरा. रेघ चुकली म्हणून खोडून परत काढली, आणखी दोन. हिशेबानं बत्तीस पुत्र झाले, आणि तेही पदरात दोन असताना! त्या चपला सासूबाई देवळात घालून गेल्या आणि अनवाणी परत आल्या. चोरीला गेल्या होत्या. मी रडकुंडीला येऊन मास्तरांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. "चोरीला गेल्या? नवीन होत्या तरी दुसऱ्याच्या पायाला बसल्या? मग वहिनी, तुम्ही पास!"

पास झाले तरी मी गेले नाही. हजेरी घे, चहा टाक, सुया मोज, करत तिथंच राहिले. मास्तर स्वतः मात्र दारात काढायचे एक निळी रबरी स्लिपर, पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. ती दारात दिसली की मास्तर आत आणि आपल्याला उशीर, हे सगळ्या बॅचांना ठाऊक. प्रत्येक बॅचमधलं कोणीतरी म्हणायचं, "मास्तर, तुमचं माप द्या ना." त्यांचं ठरलेलं उत्तर, "माझं मागाहून." यावर आम्ही काय काय तर्क लढवले! कोणी म्हणे नवस आहे. कोणी म्हणे बापाला शब्द दिलाय. मी तर एका निरोपसमारंभात भाषणच ठोकलं, की हा एका कारागिराचा जगाविरुद्धचा मूक निषेध आहे... टाळ्या पडल्या. मास्तर भजी खात होते.

त्यांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले, तेव्हा वर्ग शाहीनच्या हाती आला. त्यांचीच विद्यार्थिनी, बोटांत जादू. मी मात्र खाकी कागद घेऊन मास्तरांच्या घरी धडकले. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते, पाय सुजलेले. मी खाली बसायला लागले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी खाली बसणं म्हणजे तीन अंकी नाटक असतं. "वहिनी, नको ओ," ते म्हणाले, "तुम्हाला उठवायला वाडीतली माणसं बोलवायला लागतील."

"बोलवा," मी म्हटलं, "पण माप घेतल्याशिवाय उठायची नाही." आणि त्यांचा डावा घोटा धरला.

मास्तर असे किंचाळले, की सून पिठाच्या हातांनी बाहेर आली. पाय उडाला, पेन्सिल उडाली, अंगठ्यापाशी रेघ भलतीकडे गेली. गुदगुल्या! हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्यासाठी चाळीस वर्षं लपवलंत होय हो?" मी ओरडले.

"लपवतोय कसला," ते डोळे पुसत म्हणाले. "मला तरी कुठं माहीत होतं? सगळ्यांचे पाय मी धरले. माझा कोणी धरला होता?"

सून पीठ झटकत आत गेली. त्यांनी पाय परत कागदावर ठेवला, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले, आणि म्हणाले, "धरा. आणि या खेपेस होडी नको."

जोड पुरी झाली. डाव्या चपलेला अंगठ्यापाशी थोडा फुगवटा आहे. शाहीन म्हणाली, "आजी, रेघ इथं बाहेर गेलीय, कापून सरळ करू?" मी रापी तिच्या हातातून काढून घेतली. चपला घेऊन सुनेकडे गेले, तर ती म्हणाली, "आजी, घरात ठेवून काय करू? वर्गातच असू दे." म्हणून आता निळ्या स्लिपरच्या जागी, दारात, ती जोड असते. नव्या बॅचनं मास्तरांना पाहिलेलंसुद्धा नाही, पण दंगा करत येणारी पोरं तिथं आली की आवाज खाली आणतात. परवा मलाच दहा मिनिटं उशीर झाला. दारात चपला दिसल्या. पदर सावरला, चोरपावलांनी आत शिरले, आणि मागच्या रांगेत गुपचूप बसले. जमिनीवर. गारच होती.