देवपुरातला टायरवाला

नव्वदच्या सुमारास मी हौसेनं एक जुनी, टप उघडणारी स्पोर्ट्स कार घेतली आणि तिला मुंबईहून आणलेली रुंद चाकं बसवली. वळताना टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून देवपुरातल्या टायरवाल्याकडे गेलो. त्यानं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, टायर आणि पत्र्याच्या फटीत बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"सोनगीर गावलगून रस्ता सरळ शे, भाऊ," तो गंभीरपणे म्हणाला. "वळण उनं का उतरीसन गाडी उचली ल्या."

मी चिडलो. "मग मडगार्ड कापा!"

"चूक चाकनी, अन् शिक्षा मडगार्डले?"

शेवटी मी घरून जुनी चाकं आणली आणि त्यानं तीच बसवली. गाडी लोण्यासारखी वळली.

"आता या रुंद चाकांचं काय करू?"

"दारमा ठेवा. लोके तठे बी दखतीन."

ती मी लोकांसाठीच आणली होती, हे त्याला न सांगता कळलं होतं.