साडेसातची प्रार्थना

रंजिता पाटीलचा गळा गोड, हे घणसोली गावात कुणाला सांगावं लागत नाही. गावदेवीच्या जत्रेला, भजनी मंडळात, कुणाच्या घरी सत्यनारायण असला तरी पहिली ओळ तिनंच उचलायची. मार्गशीर्षातले गुरुवार ती कडक धरते. देवाचं नाव घेऊन कुणाकडून पाच रुपयांची दक्षिणाही तिनं कधी घेतली नाही.

घणसोलीजवळच्या पावणे गावच्या एमआयडीसीत मसाल्याची पाकिटं भरणारी एक कंपनी आहे. तिथं ती नऊ वर्षं कामाला होती. कामाची वेळ आठ. पण बायकांनी साडेसातलाच पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं उभं राहायचं, अशी तिथली रीत. हजेरीचं अंगठ्याचं मशीन आठला चालू व्हायचं. त्याआधी कोण किती वेळ उभं होतं, ते मशीनच्या गावी नसे.

आधी प्रार्थना. ती रंजिता सांगायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. दोन-अडीच मिनिटांत ती संपायची. मग सुपरवायझर अभयसाहेब पुढे यायचे. काल किती पेट्या निघाल्या, कुणाची पाकिटं वजनाला कमी भरली, आज कुठली ऑर्डर, कोण कुठल्या टेबलावर, हे सगळं आठला पाच कमी होईपर्यंत चालायचं. जी आली नाही तिच्या नावापुढे फुली. तीन फुल्या झाल्या की अर्ध्या दिवसाचा पगार कापला. या सगळ्याला मिळून नाव मात्र एकच, प्रार्थना. आता प्रार्थनेला नाही म्हणायला कुणाची जीभ उचलणार?

रंजिताच्या शेजारच्या टेबलावर गिरजाबाई होती. मूळची जालन्याकडची, तुर्भ्याच्या वस्तीत राहणारी, घरात बुद्धाची तसबीर असलेली. प्रार्थना चालू असताना ती ओठ मिटून, हात खाली सोडून उभी राहायची. सुरवातीला रंजिताला ते खुपायचं.

"हात जोडलंस तर झिजतील काय गो तुजं?"

"झिजलेच तर या मिरचीनं झिजतील बाई. तुझ्या देवाला कशाला बोल?" गिरजाबाई म्हणायची आणि दोघी हसायच्या. पुढे दोघींचा डबाही एकत्र सुटू लागला. गिरजाबाईच्या भाकरीसोबत रंजिताची सुकटीची चटणी.

वस्तीतल्या नळाला पाणी यायचं पावणेसातला आणि जायचं सव्वासातला. घरात म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली. पाणी भरून, तिचं सारं उरकून साडेसातला पावण्याला पोचणं गिरजाबाईला रोज साधेना. उशीर झाला तरी आठच्या आत ती हमखास यायची, पण फुली पडायची ती पडायचीच. गणपती झाल्यावर एक दिवस कंपनीला बायका पुरवणाऱ्या ठेकेदारानं सांगितलं, फुल्या फार झाल्या, उद्यापासून येऊ नका.

गिरजाबाई रडत बसली नाही. सरळ कामगार अधिकाऱ्यांकडे गेली आणि अर्ज दिला. त्या अर्ध्या तासात काम सांगतात, नाही गेलं तर पैसे कापतात, म्हणजे तो वेळ कामाचाच. त्याचा पगार द्या आणि मला कामावर परत घ्या. शेडमधल्या बायका तिला फोनवर म्हणाल्या, "बरं केलंस." साक्षीला मात्र एकीनंही नाव दिलं नाही. तेव्हा गिरजाबाईनं आपणच एक नाव लिहून दिलं, रंजिता पाटील. "प्रार्थना तीच सांगती. तिला विचारा. ती खोटं बोलायची नाही," असं तिनं तिथं सांगितलं.

अधिकारी चौकशीला आले त्या सकाळी अभयसाहेबांनी रंजिताला बाजूला घेतलं. "ताई, देवाच्या नावाचे पैसे मागायला निघालेत हे लोक. तुमच्यासारख्या देवभक्त बाईला पटतं का हे?"

ते शब्द तिच्या काळजात काट्यासारखे रुतले. खरंच की, आरतीचा कुणी पगार घेतं?

केबिनमध्ये अधिकाऱ्यांनी विचारलं, "साडेसात ते आठ काय चालतं इथं?"

"प्रार्थना होते, साहेब."

"यावंच लागतं का?"

रंजितानं दाराशी उभ्या अभयसाहेबांकडे पाहिलं, भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं. "देवाचं नाव घ्यायला कोन कोनावर बलजबरी करल, साहेब?"

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. फुल्यांचं त्यांनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. सही करून ती टेबलावर परत आली तेव्हा देवाचा मान राखला म्हणून तिला बरंच वाटत होतं.

महिन्याभरात कागद आला. प्रार्थना ऐच्छिक, तो वेळ कामाचा धरता येत नाही. अर्ज फेटाळला. गिरजाबाईची नोकरी गेली ती गेलीच.

रविवारी रंजिता तुर्भ्याला गेली. गिरजाबाई सासूला पेज भरवत होती. "ये, बस" म्हणाली, पाणी दिलं.

"मी खोटं नाय बोलले गो, गिरजा."

"न्हाई बोललीस." गिरजाबाईनं म्हातारीचं तोंड पुसलं. "पर एक सांग. मी बुद्धाची. तुझ्या देवाला मी येक दिस हात जोडला न्हाई. मग सा वर्सं रोज, सासूला वलीत टाकून, मी तुझ्या प्रार्थनेला कशापायी पळत येत व्हते? येवढं बी तुझ्या ध्यानात आलं न्हाई?"

सहा वर्षं आपल्या डोळ्यांसमोर मिटून राहिलेले ते ओठ रंजिताला आज दिसले.

सोमवारी तिनं प्रार्थना म्हटली, नेहमीसारखीच, सुरात. अभयसाहेब पुढे आले, ऑर्डरचा कागद उघडला. तशी रंजिता रांगेतून निघाली आणि मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"ओ ताई, कुठं चाललात?"

"देवाचं झालं, साहेब. आता कंपनीचं हाय तर मशीन चालू करा, आंगठा घ्या."

मशीन चालू झालं नाही. रांगेतल्या अकरा बायकांतली एकही हलली नाही. सगळ्या आपापल्या पायांकडे पाहत राहिल्या. रंजिता आठ वाजेपर्यंत एकटीच तिथं उभी होती. तिच्या नावापुढे फुली पडली.

असं तीन दिवस झालं. गुरुवारी तिच्यापुढे लेखी समज आली, सही करायला. तिनं सही केली आणि खाली स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: प्रार्थना दोन मिनिटे. बाकी काम. न आल्यास पगार कापतात.

अभयसाहेबांनी वाचलं, कागद फाडला, तसाच समजेचा दुसरा पुढे सरकवला. "नुसती सही करा. नाहीतर घरी जा."

रंजितानं पेन खाली ठेवलं. डबा उचलला. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "ताई, आज लवकर?" ती गेटाबाहेर पडली.

तुर्भ्याला जाऊन गिरजाबाईला सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण सांगणार काय? फाटलेला कागद तिकडे राहिला आणि अधिकाऱ्यांच्या फायलीत तिच्या सहीचा तो पहिला जबाब तसाच आहे. ती घणसोलीच्या रस्त्याला लागली.