बायोडेटाला लावलेली तीट

दुपारचं जेवण झालं की डाव्या कुशीवर वळायचं, ही त्र्यंबकरावांची जुनी सवय. आज मात्र ते उताणे पडले आहेत. झोप दारापर्यंत येते आणि तिथेच घुटमळते, कारण छातीवर केतकीचा बायोडेटा आहे.

केतकी त्यांच्या बायकोची भाची. बिस्किटांची कंपनी बंद पडल्यापासून घरी बसलेली. पुण्यात मार्केटिंगची एक जागा निघाली आहे आणि अर्ज आज संध्याकाळपर्यंत जायला हवा. आधीच्या अर्जांना साधं उत्तरही आलेलं नाही. "काका, एकदा नजर घाला," म्हणून तिने सकाळी कागद दिला, आणि जन्मभर ग्रंथालयात काढलेल्या या माणसाने पेन्सिल घेऊन तो अगदी सोवळा करून टाकला. तिने जिथे 'मी केलं' म्हटलं होतं, तिथे 'करण्याची संधी मिळाली'. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये. तरी मनात कुठेतरी खुट्ट होतं आहे. नोकरी मागण्यातलं आपल्याला काय कळतं?

पंख्याचा आवाज लांब जातो. पायथ्याशी कोणीतरी बूट काढतं.

"दाजी, सरका जरा."

हा दिनकर, केतकीचा बाप. दंतमंजनाचा फिरता विक्रेता. त्याला जाऊन दोन पावसाळे झाले हे त्र्यंबकरावांना पक्कं ठाऊक आहे, पण तो विषय आपण काढणं बरं दिसणार नाही. ते सरकतात.

"पोरीचा कागद ना? वाचा बघू."

"'एका नामांकित संस्थेत प्रामाणिकपणे सेवा करण्याची मनःपूर्वक इच्छा...'"

"नोकरी मागताय की स्थळ सुचवताय?"

खाट आता एस.टी. स्टँडच्या बाकासारखी टणक आहे. समोर किराणा दुकान, आणि दुकानदाराच्या पाठीमागे ग्रंथालयाची कपाटं. दुकानदार साखर तोलतो आहे. दिनकर कागद त्याच्यापुढे सरकवतो. तो वरच्या दोन ओळींवरून डोळे फिरवतो, कागदाचा कोन वळतो आणि त्यात साखर भरायला लागतो.

"अहो, तो बायोडेटा आहे!"

"ओरडू नका. पुडी बांधता बांधता वाचतो तो. तेवढ्यात काय ते सांगायचं." दिनकर पुडी सोडवून साखर झटकतो. "आणि 'छंद: वाचन' कुणी घातलं?"

"मी."

"वाटलंच. बरं, पोरीने केलं काय ते कुठंय?"

"खाली. 'नाचणीच्या बिस्किटांच्या विक्रीत अल्पसा हातभार लावता आला.'"

"आणि तिने काय लिहिलं होतं?"

त्र्यंबकराव पेन्सिलीखालचं वाचतात. "'पाच दुकानांतली बिस्किटं वर्षभरात साठ दुकानांत नेली. सुरुवात दवाखान्यांच्या कॅन्टीनपासून केली.'"

"अल्पसा!" दिनकर मांडीवर थाप मारतो. "हे वर घ्या. आणि पुढे लिहा, सबंध महाराष्ट्रात एक नंबर."

"ते खोटं आहे."

"थोडं चालतं, दाजी."

"नाही चालत. साठ म्हणजे साठ. पुरेत." त्र्यंबकरावांचा आवाज त्यांनाच मोठा वाटतो. कपाटांमधून कोणीतरी 'शूऽ' करतं.

दिनकर बोटांवर हिशेब करतो. "पुरेत खरे," म्हणतो.

"मला काय बोलतोस? तू जगाला मंजन विकलंस, आणि कुणी मुलीचं विचारलं की म्हणायचास, 'आहे, शिकतेय.'"

"दृष्ट लागेल म्हणून हो. एवढाच काय तो माल झाकून ठेवला." तो बुटांकडे बघतो. "तो झाकलेलाच राहिला."

मग तो खिशातून नमुन्याची डबी काढतो. आत काळं मंजन, लवंगेचा वास. जिभेवर बोट ओलं करून डबीत बुडवतो.

"ओळ तुम्ही वर घ्या. दृष्टीचं मी बघतो."

आणि बाळाच्या गालाला लावावी तशी कागदाच्या कोपऱ्याला तीट लावतो. कंडक्टर घंटी मारतो. घंटी म्हणजे कपात वाजणारा चमचा. स्वयंपाकघरात चहा होतो आहे.

"काका, झालं का बघून? पाठवायचाय," केतकी दारातून विचारते.

"थांब."

त्र्यंबकराव उठून बसतात. खोडरबर घेऊन 'अल्पसा हातभार' पुसतात. पाच आणि साठ दुकानांच्या ओळीपासून थेट वरपर्यंत बाण काढतात. 'छंद: वाचन' खोडताना हात किंचित अडतो, पण खोडतात.

"हे सगळ्यात वर?" केतकी म्हणते. "फार बढाई नाही ना वाटत?"

"खरं आहे ना?"

"खरं तर आहे."

"मग वरच राहू दे."

ती कागद हातात घेते. "हा काळा डाग कसला, काका?"

त्र्यंबकराव डागाकडे बघतात. घरात आता सगळे पेस्टच वापरतात. केतकी डागावरून बोट फिरवते, ते नाकाशी नेते, आणि तशीच उभी राहते.