लेकीचा अर्ज आणि माझा प्रवेश

माझ्या मुलीला बारावीला चव्वेचाळीस टक्के पडले, त्यामुळे मला कॉलेजात जावं लागलं.

हे वाक्य मी जिथं जिथं सांगतो तिथं लोक 'म्हणजे प्राचार्यांना भेटायला का?' असं विचारतात. न्हाई. बसायला. वही, पेन आणि ओळखपत्र घेऊन.

परभणीजवळच्या पूर्णेत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक पोत्यात गुंडाळून आणतात, मी त्यांत नवी तार भरून देतो. मोटार का जळाली हे मला नुसत्या वासावरून कळतं. पण ऋतुजाचा निकाल लागला त्या दिवशी घरात कशाचा वास येत होता हे मला कळलं नाही, आणि मी बोलत सुटलो.

"आमच्या वेळी लाईट नव्हती. तरी आमी कॉलेज केलं. तुला काय कमी होतं?"

ऋतुजा ताट उचलून आत गेली आणि पुढचे आठ दिवस आतच जेवली. मी बाहेरच्या खोलीतून रोज थोडं थोडं ऐकवत राहिलो. माझी बायको संगीता म्हणायची, "अवो, बास की. लेकरू सुकायलंय." मी म्हणायचो, "मी बापय, मी न्हाई बोलणार तर कोण बोलणार?"

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सासऱ्यांना सांगितलं होतं की मुलगा बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलाय, घरच्या जबाबदारीमुळं सोडावं लागलं. मी तेव्हा पोहे खात होतो. तोंडात घास असताना बोलू नये म्हणून मी गप्प बसलो, आणि तो घास मी वीस वर्षं चावत राहिलो. खरी गोष्ट अशी की मी बारावीत इंग्रजीत नापास झालो होतो. (अकरावी-बारावीलाही आमच्याकडं कॉलेजच म्हणतात, त्यामुळं 'आमी कॉलेज केलं' हे काही खोटं नव्हतं, असं मी मनाला सांगून ठेवलं होतं.)

नवव्या दिवशी चारठाण्याहून माझा मेव्हणा दिगंबर आला. तो शिक्षक आहे. पिशवीत बहिणीसाठी आंबे आणि भाचीसाठी एक वही. वहीत त्यानं पानभर चौकोन काढून बाण जोडले होते. आयटीआय, तंत्रनिकेतन, नर्सिंग, कृषी पदविका, मुक्त विद्यापीठ. एका चौकोनातून निघालेला बाण दोन-तीन पानं फिरून शेवटी पदवीच्या चौकोनात जाऊन पोहोचत होता.

"दाजी, टक्के कमी पडले म्हणजे रस्ता बंद न्हाई. जरा फेर पडतो, एवढंच."

"फेर म्हणजे किती?"

"ते तिला काय पायजे त्याच्यावर हाय. ऋतुजा, बाहेर ये बाळा. तुला काय शिकायचंय?"

हा प्रश्न मी आठ दिवसांत विचारला नव्हता. ऋतुजा दारात आली, मामाकडं बघून म्हणाली, "शेतीचं."

परभणीला जाताना कृषी विद्यापीठाची शेतं लागली की ती खिडकीला डोकं लावून बसायची, हे मला माहीत होतं. मला वाटायचं झोप येत असेल.

पदवीला एवढ्या टक्क्यांवर नंबर लागणं अवघड, प्रवेश परीक्षेतही तिचे गुण बेताचेच. पण दिगंबरनं तिसऱ्या पानावरच्या बाणावर बोट ठेवलं. दहावीच्या गुणांवर कृषी पदविकेला प्रवेश मिळतो, आणि दहावीला ऋतुजाचे गुण चांगले होते. पदविका चांगल्या गुणांनी केली तर नियमात बसल्यास पुढं पदवीच्या वरच्या वर्षाला अर्ज करता येतो.

"म्हणजे बारावी करून ही दहावीच्या पोरांत बसणार?" मी म्हणालो. "लोक काय म्हणतील?"

"मी बसते," ऋतुजा म्हणाली. आठ दिवसांत माझ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

दिगंबरनं आणखी एक सल्ला दिला. पदविकेचा नंबर लागला नाही तर वर्ष रिकामं जायला नको म्हणून मुक्त विद्यापीठाचाही एक अर्ज भरून ठेवायचा. तो म्हणाला, "मी येऊ का संगं?"

"कामून? मला काय अर्ज भरता येत न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी मी कागदांची फाईल घेऊन एकटाच ऑनलाईन सेंटरवर गेलो. फाईलीत तिचे कागद होते आणि पालकाचे लागतात म्हणून माझेही. सेंटर चालवणारे शकीलभाई तोंडानं एकाशी बोलतात, हातानं दुसऱ्याचा अर्ज भरतात आणि डोळ्यानं तिसऱ्याला थांबायला सांगतात. त्यांनी पदविकेचा अर्ज पंधरा मिनिटांत भरला, एकदम व्यवस्थित. मग म्हणाले, "आता मुक्तचा. आधार द्या."

फाईलीत सगळ्यात वर माझं आधार होतं. मी ते दिलं.

"मोबाईल नंबर?"

माझ्या फोनची बॅटरी संपली होती. मी संगीताचा नंबर सांगितला आणि शकीलभाईंच्या फोनवरून तिला फोन लावून आलेला कोड विचारून घेतला. ती म्हणाली, "कशाचा हाय?" मी म्हणालो, "पोरीच्या भविष्याचा."

"शिक्षण?" शकीलभाईंनी विचारलं.

मला वाटलं, पालकाचं शिक्षण. सरकारी अर्जात विचारतात तसं. माझ्या मागं आमच्याच गल्लीतले किराणा दुकानवाले उभे होते. बी.ए. सांगावं तर खाली सही माझी, आणि पुढं मागं कागद मागितला तर पोरीचा अर्ज बाद व्हायचा. मी टेबलावर वाकलो आणि हळूच म्हणालो, "बारावी नापास."

"काय?"

"बारावी. नापास."

"मग डायरेक्ट बी.ए.ला न्हाई बसत," शकीलभाई म्हणाले. "पूर्वतयारी करावी लागंल."

"पूर्वतयारी तर पायजेच," मी म्हणालो. मला वाटलं ते एकूणच बोलत आहेत.

"इकडं बघा." त्यांनी माझा फोटो काढला. पालकाचाही फोटो घेतात म्हणजे किती पक्कं काम, असं मला वाटलं. मी शर्टाची वरची गुंडी लावून पुन्हा एक काढायला लावला. सही केली, फी भरली आणि दोन छापील अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरी आलो. फोल्डर मी सगळ्यांना दाखवला. आत काय आहे ते मीही वाचलं नाही.

रविवारी दिगंबर पुन्हा आला. आम्ही सगळे चहा घेत होतो तेवढ्यात संगीताच्या फोनवर संदेश आला. तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला, "प्रिय विद्यार्थी, पूर्वतयारी शिक्षणक्रमातील आपला प्रवेश निश्चित झाला आहे."

"बघा," मी म्हणालो. "झालं का न्हाई काम?"

दिगंबरनं कप खाली ठेवला. "पूर्वतयारी? ते तर बारावी न झालेल्यांसाठी असतंय. आपली ऋतुजा तर पास हाय." त्यानं फोल्डर उघडला, कागद बाहेर काढला आणि उजेडाला धरला. "दाजी, ह्याच्यावर फोटो तुमचा हाय."

"पालकाचा असल."

"नाव पण तुमचं हाय. जन्मतारीख पण. आणि शिक्षण..." इथं तो थांबला. शिक्षक माणूस, भर वर्गात कुणाचे गुण वाचू नयेत हे त्याला कळतं.

"वाच की," संगीता म्हणाली.

"बारावी अनुत्तीर्ण."

संगीता हसली. "त्या शकीलभाईंनी चुकून घातलं असल. यांचं बी.ए.चं दुसरं वर्ष झालंय."

सुटका समोरच होती. शकीलभाईंच्या नावावर खपवलं की विषय संपला असता, आणि दिगंबर इतका भला की त्यानं मान हलवायला सुरुवातही केली होती. पण ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ताट. ती माझ्याकडं बघत होती. आठ-दहा दिवस मी तिला ऐकवलं, पण तिच्या तोंडाकडं नीट बघितलं ते तेव्हाच. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी माझं तोंड असंच झालं होतं. आमच्या घरात आरसा लहान होता, तरी मला आठवतं.

"चूक नावाची झाली," मी म्हणालो. "शिक्षण बरोबर हाय."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तोही नेमका आमच्याच दारासमोर रेंगाळला.

"इंग्रजीत गेलो," मी सांगितलं. "बावीस पडले."

"मग परत बसायचं होतं की," दिगंबर हळू आवाजात म्हणाला.

"बसलो ना. परत बसलो तर एकोणीस पडले."

"कमी झाले?" ऋतुजानं विचारलं.

"अभ्यास केला होता त्या वेळी."

ऋतुजानं ताट खाली ठेवलं आणि हसायला लागली. आधी तोंडावर ओढणी धरून, मग ओढणी सोडून. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे पुसत पुन्हा 'एकोणीस' म्हणाली. दिगंबरही हसला, मग मीही. आमच्या घरात माझ्या नापास होण्याचा एवढा आनंद होईल हे माहीत असतं तर मी आधीच सांगितलं असतं.

संगीता मात्र हसली नाही. दोन दिवस ती माझ्याशी भांड्यांमार्फत बोलत होती. तिसऱ्या दिवशी पोळी वाढताना म्हणाली, "तुमी नापास झालात त्याचं मला काय न्हाई. माझ्या भावानं पण गणितात दोनदा आपटी खाल्लीय, तो मास्तर झाला. पण स्वतःला असं झालेलं असून पोरीला आठ दिवस टोचत बसलात, त्याचं लय वाईट वाटलं."

मी पोळी खाल्ली. त्यावर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पदविकेच्या यादीत ऋतुजाचं नाव लागलं. कागद तपासायला परभणीला जायचं होतं, तेव्हा ठरलं की जाता जाता मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रावर माझा प्रवेश रद्द करून यायचं. आधी तिचं काम झालं. तिच्या रांगेतली पोरं तिच्या खांद्याला लागत होती. त्यातल्या एकानं तिला 'मॅडम, फॉर्म कुठं द्यायचा?' असं विचारलं, आणि तिनं त्याला नीट सांगितलंही.

अभ्यास केंद्रातल्या मॅडमनी माझा कागद बघितला. "रद्द करता येईल. पण कशाला करता? पेपर दिलात, पास झालात, की तुम्हाला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसता येईल. तुमच्याहून मोठी माणसं येतात आमच्याकडं."

"माझं दुकान हाय, मॅडम. आता काय शिकायचं वय हाय का?"

"मॅडम, रद्द करू नका," ऋतुजा म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पप्पा, मी त्या बारक्या पोरांत बसायलेय ना? मग तुमी पण बसा."

मी कागद परत फोल्डरमध्ये घातला. अर्जावर सही तर आधीच केलेली होती.

मग सुरू झालं. काऊंटरवर पुस्तक, त्यावर वॉर्निशचे डाग. गिऱ्हाईक यायचं, "मोटार झाली का?" मी म्हणायचो, "थांबा, एवढं नागरिकशास्त्र होऊ द्या." संध्याकाळी ऋतुजा माझी चाचणी घ्यायची. "पप्पा, मोबाईल बाजूला ठेवा." "पप्पा, वर बघून काय मिळणार हाय?" मी एकदा पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो तर संगीतानं आतूनच आवाज दिला, "पाणी तिथंच आणून देते, बसा."

परीक्षेच्या दिवशी ऋतुजा मला सोडायला परभणीला आली. गेटवरच्या शिपाईमामांनी तिला आत जायला सांगितलं आणि मला हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबायचं." मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि आदरानं बाजूला झाले. ऋतुजा म्हणाली, "घाबरू नका पप्पा. येईल तेवढं लिहा." तिच्या परीक्षेआधी हे वाक्य मी तिला म्हणायला पाहिजे होतं.

पेपर हातात पडला आणि मला माझाच विश्वास बसेना. सगळं येत होतं. भराभर गोल काळे केले. शेजारी साठीच्या एक आजी पदर खोचून लिहीत होत्या, त्यांना पाहून मला दया आली. अर्धा वेळ व्हायच्या आत मी उठलो, उत्तरपत्रिका दिली आणि मान ताठ करून बाहेर आलो.

"एवढ्या लवकर?" ऋतुजा म्हणाली. "कसा गेला?"

"लय सोपा. उगंच भीती घालतात लोक."

लिंबाखाली बसून आम्ही उसाचा रस प्यालो. मी तिला सांगत होतो की खरी हुशारी वयाबरोबर येते. ती ऐकत होती. तासाभरानं शेजारच्या आजी बाहेर आल्या, पदर सोडवत माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दादा, तुमी लवकर उठलात. तो पन्नासावा प्रश्न तुमाला आला का? मला काय सुधरला न्हाई बघा."

"पन्नासावा?" मी म्हणालो. "पंचवीसच होते की."

आजी माझ्याकडं फार प्रेमानं बघत निघून गेल्या. ऋतुजानं रसाचा ग्लास खाली ठेवला.

"पप्पा, पान उलटलं होतं का?"

मी खिशातून प्रश्नपत्रिका काढली आणि पहिल्यांदाच उलटून बघितली. मागचे प्रश्नही सोपेच होते.