शाळेची वरची खोली

गोळ्या वाटून दुपारपर्यंत परत यायचं, एवढंच ठरलं होतं. मी आरोग्यसेविका. पांझरेकाठच्या त्या गावात क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं घेऊन पोचले, आणि मागे फरशी पूल पाण्याखाली गेला. झालं! नदीकडची सगळी वस्ती शाळेच्या वरच्या मजल्यावर आली, त्यांच्यासोबत मीही अडकले.

वर दोन खोल्या. एकीत आम्ही बायका-पोरं, दुसरीत धान्याची पोती आणि शेळ्या. पुरुष जिन्यावर. खालचा मजला, संडासासकट, पाण्यात. दुसऱ्या दिवशी मला त्या चार भिंतींचाच राग यायला लागला. खिडकीतून बघावं तर गढूळ पाणी, दार उघडावं तर पुरुषांच्या पाठी.

एका सुनेला जुलाब लागले होते. पदराखाली दोन महिन्यांचं बाळ, आणि अंगावरचं दूध आटत चाललेलं. वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं असतं तर बाळही गेलं असतं हातचं. मी ओआरएसचा पेला घेऊन तिच्यापुढे तीनदा बसले. ती ओठ ओले करायची आणि पेला खाली ठेवायची.

"आजकालन्या पोरीसले काही सोसस नही," तिची सासू म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "नाटकं बंद कर!" मी सुनेवर ओरडले. "लेकरू मारायचंय का?"

तिने बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "सिस्टर, पाणी पिनू ते जानं पडी. कोठे जाऊ?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कारण सकाळपासून मीही घोटभर पाणी प्यायले नव्हते, आणि त्याच कारणासाठी. स्वतःला कळत होतं ते तिच्या बाबतीत सुचू नये? नर्स म्हणे!

उठले आणि जिन्यावर तिच्या सासऱ्यांपुढे उभी राहिले. "आबा, दुसरी खोली मोकळी करा. बायकांना जायला जागा पाहिजे."

"शाळामा?" आबा दचकले. "तठे सरस्वतीना फोटो शे, सिस्टर."

"आणि शेळ्यांच्या लेंड्या चालतात का सरस्वतीला?" माझा आवाज चढला. "सून पाणी पीत नाही तुमची. दूध आटलंय. नातू उपाशी आहे, आबा!"

आबा गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले, फोटो उतरवला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि छातीशी धरून बाहेर आले. "चाला रे, गच्चीवर," एवढंच म्हणाले. शेळ्यांसकट सगळे पुरुष पावसात वर गेले.

रंगाचा रिकामा डबा, तळाशी माझ्या पिशवीतली ब्लीचिंग पावडर, दाराला कोणाचंसं लुगडं. सून आधी गेली. परत आल्यावर तिने पेला स्वतः उचलला, संपवला, दुसरा मागितला. संध्याकाळी बाळ बराच वेळ चोखत राहिलं आणि तसंच झोपलं. मला रडू आलं.

पाणी उतरलं नव्हतं. होडीचा पत्ता नव्हता. मी रिकामा पेला विसळत होते, तेवढ्यात सासू शेजारी येऊन बसली. ओठ फुटलेले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, माले बी दे थोडं. कालपासून पेल नही मी."