मोहरीच्या वाटीतला अमरावती विभाग

पाचवीतल्या आमच्या कन्येने रेफेराटसाठी, म्हणजे वर्गापुढे करायच्या भाषणासाठी, कॅमेरून निवडला, तेव्हा मी शांतपणे विचारलं, "का, भारत संपला?"

"तुझा भारत लांबत जातो, पापा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "काकांचा देश मजेशीर आहे."

काका म्हणजे जर्मनीतल्या, त्सुफेनहाउझेनच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे कॅमेरूनी गृहस्थ. माझ्यासारखेच इंजिनिअर, फक्त उंच, आणि टक्कल पडूनही देखणे. मी मराठीत काही विचारलं की पोरगी जर्मनमध्ये उत्तर देणार, आणि तिच्या तोंडातला 'काका' हा एकुलता एक मराठी शब्द त्यांच्यावर उधळणार. मला ते झोंबायचं. बायको म्हणायची, "अहो, या वयात शोभतं का?" शोभत नव्हतंच. पण झोंबायचं.

ते संध्याकाळी आमच्याच स्वयंपाकघरात शिकवायला बसत. दहा कप म्हणजे दहा प्रांत, मधोमध साखरेचं भांडं म्हणजे राजधानी. "प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमतात," ते सांगत. "कपाला साखर हवी? अर्ज करा, वाट पाहा." पोरगी खिदळायची. माझ्या घरात, माझ्या साखरेवर.

एका रविवारी मला राहवलं नाही. मी मिसळणाचा डबा काढला. मध्ये एक वाटी, भोवती सहा. महाराष्ट्राचे महसूल विभागही सहाच. वाट्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मधल्या हळदीला मंत्रालय केलं. मी अकोल्याचा, म्हणून मोहरीच्या वाटीवर 'अमरावती' जरा ठळक लिहिलं. मग मी बोलत सुटलो. कोकणातून नाशिकला पोचेपर्यंत तिने दोनदा जांभई दिली.

"म्हणजे काकांसारखंच," ती म्हणाली. "सगळं मधल्या वाटीला विचारायचं."

"तसं नाही गं, आमच्याकडे निवडणुका..." मी सुरू केलं. ती उठून गेली होती.

दोन दिवसांनी ऑफिसातून आलो तर डबा टेबलावर. माझे सगळे विभाग बरखास्त. सात वाट्या आणि शेजारी तीन कप मिळून कॅमेरून थाटात पसरलेला, आणि मोहरीवर 'पश्चिम', म्हणजे नेमका काकांचा प्रांत. माझा बूट काढता काढता हातातच राहिला. बायकोने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

काका वाकून वाटी न्याहाळत होते. "या चिठ्ठीखाली जुनी चिठ्ठी आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांच्या काढल्यास ना? हीही काढ. वरची नीट चिकटेल."

"नाही," ती म्हणाली. "ती पापाची आहे."

"पण हा तर माझा प्रांत."

"मग काय झालं? तुम्ही वर राहता, पापा खाली राहतो, काका."

सगळं जर्मनमध्येच. मराठीचा त्यात फक्त शेवटी लावलेला एक 'काका'. तो नेहमीप्रमाणे त्यांनाच मिळाला.

मी बूट जागेवर ठेवला आणि काकांसाठी चहा टाकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "साखर किती?" मी विचारलं.

"दोन चमचे," ते म्हणाले.

"अर्ज मिळाला, विचार करतो," असं सांगून मी दीड चमचा घातली.